बहुविश्व की एकच विश्व? ठरवण्याआधी

माझी भाची अमरावतीला फिजिक्समध्ये एम.एस्सी. करते. सेमिनारला तिनं बहुविश्वाचा, म्हणजे आपल्याखेरीज आणखीही विश्वं असण्याच्या कल्पनेचा, विषय घेतला खरा, पण बाजूनं बोलावं की विरोधात, इथंच तिचं घोडं अडलं. "मामा, तुमचं तं ठरलंय ना? मग सांगा मले, कसं ठरवलं," असं तिनं फोनवर विचारलं. मी अर्धा तास बोललो, पण फोन ठेवल्यावर वाटलं की मुख्य गोष्ट राहूनच गेली. तिच्यासारखे आणखीही काही जण याच उंबरठ्यावर थांबलेले असतील, म्हणून नीट लिहून काढतो आहे.

मी लोणार तालुक्यातल्या एका गावात राहतो, कनिष्ठ महाविद्यालयात फिजिक्स शिकवतो आणि घरची सात एकर शेती पाहतो. हा माझ्या संशोधनाचा विषय नाही, वीसेक वर्षांच्या वाचनाचा आहे. माझं मत कुठं झुकलं ते लपवणार नाही. पण दुसऱ्या बाजूचं वजन कमी करूनही दाखवणार नाही, कारण ते खरोखरच कमी नाही. महास्फोट तुम्हाला ठाऊक आहे असं धरून चालतो.

एका पोत्यात दोन धान्यं

बहुतेकांचा गोंधळ इथूनच सुरू होतो. 'बहुविश्व' या एका नावाखाली निदान दोन वेगळ्या कल्पना खपतात. सोयाबीन आणि हरभरा एकाच पोत्यात भरून भाव विचारला तर कुठला अडत्या सांगेल?

पहिली कल्पना इन्फ्लेशनमधून येते. ॲलन गुथ यांनी १९८१ साली इन्फ्लेशन मांडलं, म्हणजे अगदी सुरुवातीला विश्व क्षणार्धात प्रचंड फुगलं ही कल्पना. पुढे अलेक्झांडर विलेंकिन आणि आंद्रे लिंडे यांनी दाखवलं की त्याच्या बऱ्याच रूपांमध्ये हा फुगवटा सगळीकडे एकदम थांबत नाही. एका ठिकाणी थांबतो, तिथं आपल्यासारखं विश्व तयार होतं. मधली जागा मात्र फुगतच राहते आणि तिच्यात नवनवे बुडबुडे पडत राहतात, कायमचे. याला स्ट्रिंग थिअरीची, म्हणजे सगळे कण सूक्ष्म तंतूंच्या कंपनांतून बनतात या सिद्धांताची, जोड मिळाली. तिच्या हिशेबात निर्वाताच्या, म्हणजे रिकाम्या अवकाशाच्या, शक्य अवस्था १० चा ५०० वा घात इतक्या निघतात आणि प्रत्येक अवस्थेत निसर्गाचे स्थिरांक वेगळे असू शकतात. या दिशेचा २००३ चा गाजलेला शोधनिबंध कच्रू, कॅलोश, लिंडे आणि त्रिवेदी या चौघांचा आहे. त्यातले संदीप त्रिवेदी मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे (टीआयएफआर), म्हणजे हे सगळं फार लांब कुठं चाललेलं नाही.

दुसरी कल्पना ह्यू एव्हरेट यांची, १९५७ सालची, प्रिन्स्टनच्या पीएच.डी. प्रबंधातली. कणाच्या सगळ्या शक्य अवस्था एकत्र मांडणारं वेव्ह फंक्शन मोजमाप करताना एकाच निकालावर कोसळत नाही, सगळेच निकाल लागतात, प्रत्येक निकाल आपापल्या शाखेत. इथं नवे बुडबुडे नाहीत, नवे स्थिरांक नाहीत. आहे ते क्वांटमचं समीकरण जसंच्या तसं घ्यायचं आणि वरून काही चिकटवायचं नाही, एवढाच आग्रह.

एक गैरसमज आत्ताच बाजूला ठेवतो. एके वर्षी मृगाचा पहिला पाऊस पाहून मी सोयाबीन पेरलं आणि पुढं पावसानं तीन आठवडे तोंड दाखवलं नाही. दुबार पेरणी करावी लागली, बियाणं उसनं आणलं. तेव्हा एक मित्र धीर द्यायला म्हणाला, "दुसऱ्या एखाद्या विश्वात तू थांबला असशील." तो मायेनं बोलला, आणि ती माया मला आजही आठवते. पण एव्हरेटचा सिद्धांत शाखा फुटण्याचं बोलतो ते क्वांटम घटनांबद्दल. माझी पेरायची घाई ही तसली घटना होती असं कोणी दाखवलेलं नाही. 'आपल्या प्रत्येक निर्णयाला एक विश्व' ही गोष्ट मनाला धरते, पण तिच्यावर मत बनवू नका. कुठल्याच बाजूचं.

बहुविश्वाच्या पारड्यात काय आहे

'जे दिसत नाही ते विज्ञान नाही' हा विरोधकांचा सगळ्यात आवडता आक्षेप. मी स्वतः त्याच बाजूचा असूनही तो वापरत नाही, कारण तो दुबळा आहे. लोणारला राहणाऱ्यानं तर तो वापरूच नये.

दर वर्षी दिवाळीनंतर मी अकरावीच्या मुलांना विवरावर नेतो. काठावर उभं राहिलं की समोर साधारण १.८ किलोमीटर रुंद वाटी, तळाशी खारं पाणी, भोवती झाडी. इथं अशनी आदळताना कोणी पाहिलेलं नाही. आपला सगळा मुलूख काळ्या बेसॉल्टचा, म्हणून कितीतरी वर्षं पुष्कळ भूशास्त्रज्ञ हे ज्वालामुखीचंच काम समजत होते. मग विवरात खोलवर छिद्रं घेतली, तुटलेल्या खडकांचे नमुने काढले आणि त्यांत मॅस्केलिनाइट सापडलं. फेल्डस्पार नावाच्या खनिजाचं प्रचंड धक्क्यानं झालेलं काचेसारखं रूप. ज्वालामुखी असा धक्का देत नाही. १९७३ साली ते छापून आलं आणि वादाचा निकाल लागला. न पाहिलेली गोष्ट आपण खात्रीनं मानतो ती अशी, मागे राहिलेल्या खुणेवरून.

बहुविश्ववाल्यांचं म्हणणंही हेच असतं, आणि ते रास्त आहे. कृष्णविवराच्या आत काय आहे ते कोणालाच कधी दिसणार नाही, तरी आपण त्याबद्दल बोलतो, कारण ज्या सिद्धांतातून ते निघतं तो बाहेर ठिकठिकाणी तपासून झाला आहे. बहुविश्व हा वेगळा सिद्धांत नाही, तपासलेल्या सिद्धांतांतून निघणारा परिणाम आहे. मूळ मान्य केलं की फळही मान्य करा. माझ्या मते त्यांचा सगळ्यात भक्कम युक्तिवाद हाच.

दुसरा युक्तिवाद केप्लरच्या चुकीतून येतो. १५९६ साली केप्लरनं ग्रहांची सूर्यापासूनची अंतरं पाच नियमित घनाकृतींवरून काढायचा प्रयत्न केला. त्याला वाटलं, या आकड्यांमागे खोल नियम असणार. तसा नियम नव्हताच. ग्रहमालिका असंख्य आहेत आणि अंतरं ज्याची त्याची. १९९५ मध्ये सूर्यासारख्या ताऱ्याभोवतीचा पहिला ग्रह सापडला, २०२२ मध्ये सूर्यमालेबाहेरचे ज्ञात ग्रह पाच हजारांवर गेले. मग निसर्गाचे स्थिरांकही असेच ज्याचे त्याचे कशावरून नसतील? गाव नदीकाठी का वसलं असं आपण विचारत नाही. पाणी होतं तिथं माणसं राहिली.

आणि तिसरा, खरा धक्का देणारा. १९८७ साली स्टीवन वाइनबर्ग यांनी विचार केला की वैश्विक स्थिरांक, म्हणजे रिकाम्या अवकाशातली प्रसरण वाढवणारी ऊर्जा, विश्वागणिक वेगळा असेल तर आपल्याला तो किती दिसेल. फार मोठा असेल तर दीर्घिका बनायच्या आधीच सगळं पांगून जाईल आणि प्रश्न विचारायला कोणी उरणार नाही. म्हणून तो एका मर्यादेत असणार, पण शून्यच असायला काही कारण नाही. त्या काळी बहुतेक जण तो शून्यच धरून चालले होते. १९९८ मध्ये सुपरनोव्हांच्या निरीक्षणातून विश्वाचं प्रसरण वेगावत असल्याचं दिसलं, स्थिरांक शून्य नव्हता, आणि त्या शोधाला २०११ चं नोबेल मिळालं. हे प्रथम वाचलं तेव्हा मी काही वर्षं बहुविश्वाच्या बाजूचाच होतो. ते इथं सांगायलाच हवं.

एकच विश्व मानणाऱ्यांची पंचाईत

याच स्थिरांकाचा सैद्धांतिक हिशेब आणि मोजलेली किंमत यांत १ वर १२० शून्यं एवढी तफावत आहे. एकच विश्व मानणारा यावर काय म्हणतो? 'अजून खोल नियम सापडायचा आहे.' हे वाक्य चाळीस वर्षं ऐकतो आहोत. ४ जुलै २०१२ ला एलएचसी या प्रोटॉन आदळवणाऱ्या यंत्रात सापडलेला हिग्ज बोसॉन हा कण जाहीर झाला, सगळ्यांना आनंद झाला, पण त्याच्या जोडीला जे नवे कण दिसतील अशी आशा होती त्यांतला एकही त्या यंत्रात सापडला नाही. हिग्जचं वस्तुमान इतकं कमी का, याचं नैसर्गिक उत्तर त्या कणांतून मिळणार होतं. ते राहिलंच.

म्हणजे एकच विश्व निवडणं हे बऱ्याच अंशी वाट पाहणं निवडणं आहे, हे डोळे उघडे ठेवून मान्य करा. अर्थात वाट पाहणं वाया जातंच असं नाही. गुरुत्वीय लहरींचं भाकीत १९१६ चं, सापडल्या १४ सप्टेंबर २०१५ ला. आता त्याच कामाची वेधशाळा आमच्यापासून जवळच्याच हिंगोली जिल्ह्यात, औंढा नागनाथजवळ उभी राहणार आहे. तिच्यातून बहुविश्वाचा निकाल लागणार नाही, पण सुमारे शंभर वर्षं धीर धरण्याचा अर्थ काय ते आमच्या मुलांना तिथं दाखवता येईल.

माझं घोडं जिथं अडलं

आता मुख्य गोष्ट. मी बाजू बदलली ती 'दिसत नाही' म्हणून नव्हे. मोजता येत नाही म्हणून.

काही वर्षांपूर्वी आमच्या भागात ऐन शेंगा भरायच्या वेळी सोयाबीन पिवळं पडलं. पीक विम्याचा निकाल पीक कापणी प्रयोगावर लागतो, हे शेतकऱ्यांना सांगायला नको. महसूल मंडळाचं सरासरी उत्पन्न उंबरठा उत्पन्नाच्या, म्हणजे आधी ठरवलेल्या पातळीच्या, खाली गेलं तरच भरपाई. कुठल्या गटात प्रयोग घ्यायचा ते रँडम नंबरवरून आधीच ठरतं. शेतात गेल्यावर लांबी-रुंदी पावलांनी मोजतात आणि तुकड्याचा कोपराही नंबरवरूनच काढतात. त्या वर्षी नंबर लागला तो नाल्याकाठच्या एका शेतावर, आणि त्या शेतातही खोल मातीच्या कोपऱ्यावर. खुंट्या ठोकल्या, दोरी ताणली. दोरीच्या आतलं सोयाबीन गुडघ्याच्या वर, शेंगांनी भरलेलं. दहा हातांवर त्याच माणसाचं पीक पिवळं.

एक म्हातारे शेतकरी कळवळून म्हणाले, "साहेब, दोरी जराशी इकडं सरकवा न बाप्पा. आमचं खरं पीक तं हे हाय." दोरी धरलेला माणूस तरुण होता. त्याचा चेहरा उतरला, पण त्यानं दोरी हलवली नाही. ताडपत्रीवर झोडपून काट्यावर वजन झालं, ते चांगलं भरलं, आणि गावाला विमा मिळाला नाही. मलाही नाही. माझा राग बरेच दिवस गेला नाही. मोजण्याची ती पद्धत आमच्या गावाला न्याय देणारी होती असं मी आजही म्हणणार नाही. एवढ्या मोठ्या भागासाठी तुकडे फार थोडे घेतात, ही माझी तक्रार कायम आहे. पण त्या पोराचं बरोबर होतं. पीक बघून दोरी सरकवायची एकदा मुभा दिली की काट्यावरच्या आकड्याला कसलाच अर्थ राहत नाही.

त्याच हिवाळ्यात रात्रपाळीच्या विजेवर हरभऱ्याला पाणी देत असताना मी बहुविश्वातल्या 'मेझर प्रॉब्लेम'बद्दल वाचत होतो. मोजणीचा पेच म्हणू. स्प्रिंकलरचे पाइप बदलून झाले की पुढचे तीन तास काम नसतं, धुऱ्यावर बसून वाचन होतं. आणि तिथं मला ती दोरी दिसली.

पेच असा. समजा तुमचं शेत अनंत आहे आणि त्यात चार तास (म्हणजे ओळी) सोयाबीन, एक तास तूर अशी पेरणी आहे. तूर किती? एक पंचमांश, असं तुम्ही म्हणाल. पण मी वेगळं मोजतो. सोयाबीनचा एक तास घेतो, मग तुरीचा एक, पुन्हा सोयाबीनचा एक, तुरीचा एक. शेत अनंत असल्यामुळे तूर कधी संपत नाही, सोयाबीनही संपत नाही, एकही तास मोजायचा राहत नाही. आता तूर निम्मी! शेत तेच, पेरणी तीच. फक्त मोजायचा क्रम बदलला.

शेतात निदान बांध असतो. बांधापासून ओळीनं मोजा, असं म्हणता येतं. बुडबुड्यांच्या विश्वाला बांध नाही. सगळीकडं 'आत्ता' या एकाच क्षणी मोजा म्हणावं, तर सापेक्षतावादात असा सगळ्यांचा एक 'आत्ता'ही नाही. म्हणून 'आपल्यासारखी विश्वं किती आणि वेगळी किती' या प्रश्नाला सिद्धांताकडं स्वतःचं उत्तर नाही. मोजायची रीत बाहेरून आणावी लागते आणि रीत बदलली की उत्तर बदलतं.

मग रीत निवडायची कशी? इथं मला खटकलं ते सांगतो. घड्याळाच्या वेळेनुसार छाट मारायची एक सरळ रीत होती. तिच्यातून निघालं की नुकतीच जन्मलेली विश्वं इतकी प्रचंड संख्येनं जास्त, की १३.८ अब्ज वर्षं वयाच्या विश्वात आपण असणं जवळजवळ अशक्य. ती रीत सोडून दिली. दुसऱ्या काही रीतींमधून निघालं की खऱ्या माणसांपेक्षा पोकळीत योगायोगानं क्षणभर जुळून आलेले, खोट्या आठवणी असलेले मेंदूच जास्त असणार. त्याही सोडल्या. ज्या रीतीनं आपल्याला दिसतं तसं विश्व निघेल ती ठेवायची. हे काम करणारे लोक अत्यंत प्रामाणिक आहेत आणि हा पेच जगाला त्यांनीच उघडपणे सांगितला, हे आवर्जून नोंदवतो. तरीही हे पीक बघून दोरी सरकवणंच आहे.

आणि एक फरक आमच्या गावापेक्षाही वाईट. आमचा तुकडा चुकला असेल, पण गावाची खरी सरासरी कुठंतरी होतीच. सगळं सोयाबीन काढून तोललं असतं तर ती कळली असती, म्हणून तर आम्हाला तक्रार करता आली. अनंत शेतात चुकण्यासाठीसुद्धा खरी सरासरी नाही. तिथं तक्रार कशावर करायची?

हे पटलं की आधीच्या तीन युक्तिवादांतले दोन भक्कम खांब हलतात. 'मूळ सिद्धांत तपासलेला आहे' हा पहिला. इन्फ्लेशनची मोठी कमाई म्हणजे पार्श्वप्रारणातले, म्हणजे विश्वाच्या बालपणापासून उरलेल्या मंद प्रारणातले, चढउतार लहान-मोठ्या पल्ल्यांवर कसे बदलतात ते सांगणारा आकडा. तो १ च्या किंचित खाली असेल असं इन्फ्लेशननं सांगितलं होतं आणि प्लँक उपग्रहानं तो सुमारे ०.९६५ मोजला. पण अनंत बुडबुड्यांत हा आकडाही कुठं काही, कुठं काही निघणार, आणि मोजणीच नाही तर 'बहुधा ०.९६५ च्या आसपास' हे म्हणायचं कशाच्या जोरावर? ज्या फांदीवर बसलो तीच कापल्यासारखं होतं. इन्फ्लेशनच्या उभारणीत ज्यांचा हात होता ते पॉल स्टाइनहार्ट हेच वर्षानुवर्षं सांगत आले आहेत. २०१७ मध्ये त्यांच्या बाजूच्या एका लेखाला ३३ शास्त्रज्ञांनी सह्या करून उत्तर दिलं. त्यांत गुथ होते, लिंडे होते, हॉकिंग आणि वाइनबर्गही होते. त्यांचं म्हणणं की इन्फ्लेशनचं प्रत्येक रूप स्वतंत्रपणे तपासता येतं आणि काही रूपं बादही झाली आहेत. तेही खरं. पण अनंत फुगवट्यातली मोजणी त्यानं सुटत नाही. पुढे हॉकिंग यांच्या निधनानंतर, २०१८ मध्येच, त्यांनी थॉमस हेर्टॉग यांच्यासोबत लिहिलेला निबंध प्रसिद्ध झाला. बहुविश्वाचा हा अनंत पसारा बराच आटोपशीर असावा, असं त्यात सुचवलं आहे. या पेचानं मोठ्या माणसांनाही स्वस्थ बसू दिलं नव्हतं, असं मी त्यावरून समजतो.

दुसरा खांब वाइनबर्ग. त्यांच्या हिशेबातही एक गृहीत आहे, की शून्याच्या आसपासच्या सगळ्या किमती सारख्याच संभाव्य धराव्यात. ही सुद्धा मोजायची एक रीतच. शिवाय फक्त वैश्विक स्थिरांक बदलतो, बाकी सगळं जागेवर राहतं, असं त्यांनी धरलं. दीर्घिका ज्यांतून जमतात ते सुरुवातीचे चढउतारही विश्वागणिक बदलू दिले, तर मर्यादा बरीच सैल पडते. त्यांचं यश मी पुसून टाकत नाही. माझ्या मनात ते अजून बोचतं. पण आता ते निकाल वाटत नाही, एक गंभीर इशारा वाटतो.

हॉइल आणि नारळीकर

१९५३ मध्ये फ्रेड हॉइल यांनी सांगितलं की विश्वात एवढा कार्बन आहे, तर कार्बनच्या अणुकेंद्रकात ७.६५ एमईव्हीच्या आसपास एक ऊर्जापातळी असलीच पाहिजे. प्रयोग केला, ती सापडली. बहुविश्वाच्या बाजूनं हे उदाहरण फार वेळा देतात. पण नीट पाहा, यात दुसऱ्या विश्वाची गरज कुठं पडली? कार्बन आहे, म्हणून पातळी आहे. एवढंच.

याच हॉइल यांचे शिष्य आपले जयंत नारळीकर. महास्फोट झालाच नाही, विश्व कायम असंच आहे, असं मानणाऱ्या स्थिर स्थितीच्या सिद्धांतासाठी गुरुशिष्य केवढे झुंजले! १९६५ साली पार्श्वप्रारणाचा शोध जाहीर झाल्यावर बहुतेकांनी तो सिद्धांत सोडला. तो हरला, पण हरू शकला, कारण त्यानं रेडिओ स्रोत किती दिसावेत, प्रारण असावं की नसावं, हे ठामपणे सांगितलं होतं. नारळीकरांचं २०२५ च्या मे महिन्यात निधन झालं तेव्हा मी वर्गात मुलांना हेच सांगितलं. हरण्याची जागा सोडून ठेवलेला सिद्धांत मला मनापासून आवडतो, आणि माझी निवड कुठं झुकली त्यात या आवडीचाही वाटा आहे.

एव्हरेटबद्दल थोडं

एव्हरेटचा मला आदर आहे, बुडबुड्यांपेक्षा जास्त. त्यानं काही वाढवलं नाही, उलट वेव्ह फंक्शन कोसळण्याचा वेगळा नियमच काढून टाकला. पण गंमत अशी की तिथंही गाडी मोजणीवरच येते. एखाद्या प्रयोगात दोन निकाल ७० आणि ३० टक्के असतात. एव्हरेटच्या मते दोन्ही लागतात, दोन शाखा. शाखा मोजल्या तर ५०-५०. मग प्रयोगशाळेत ७०-३० का दिसतं? १९९९ मध्ये डेव्हिड डॉइश आणि पुढे डेव्हिड वॉलेस यांनी शहाणा माणूस पैज कशी लावेल यावरून हे प्रमाण काढून दाखवलं. काही तत्त्वज्ञांना ते पटलं, काहींना त्यात उत्तर आधीच गृहीत धरल्यासारखं वाटतं. फरक एवढाच, की इथं प्रमाणाचा आकडा समीकरणातच आहे, त्याचा अर्थ लावायचा राहिला आहे. बुडबुड्यांकडं आकडाच नाही. म्हणून तत्त्वज्ञानाच्या अंगानं एव्हरेट मला विश्वासार्ह वाटतो. मात्र मी तो मानतो असं म्हणवत नाही.

बोअरचं पाणी

तत्त्वज्ञांचा एक आक्षेप मात्र जरूर पाहून ठेवा. इयन हॅकिंग यांचा, १९८७ चा. आपल्या भाषेत सांगतो. माझ्या शेतात बोअर घेतली, पहिल्याच ठिकाणी पाणी लागलं. यावरून 'गावात शंभर बोअर कोरड्या गेल्या असणार' असं अनुमान निघतं का? नाही. बाकीच्या बोअर किती, यानं माझ्या बोअरच्या पाण्यात फरक पडत नाही. आपलं विश्व जीवनाला अनुकूल आहे म्हणून इतर असंख्य विश्वं असणार, हे अनुमान असंच फसतं, असा तो मुद्दा. उत्तरही तयार आहे. ज्याला पाणी लागलं तोच ही गोष्ट सांगायला उरतो, कोरडी गेलेला उरत नाही, म्हणून इथला हिशेब वेगळा. हा वाद अजून मिटलेला नाही. एकट्या याच मुद्द्यावर मी निर्णय घेतला नसता.

गावात हा विषय काढला की कोणीतरी हमखास म्हणतं, आपल्याकडं हे आधीच सांगितलंय. शेगाव आमच्याच जिल्ह्यात. गजानन महाराजांच्या जयघोषाची सुरुवातच 'अनंतकोटी ब्रह्मांडनायक' अशी. मीही तो जयघोष भक्तिभावानं करतो. पण त्यातला 'अनंत' मोजायचा नसतो, त्याच्यापुढं हात जोडायचे असतात. फिजिक्समधल्या अनंताला हात जोडून भागत नाही. या दोन गोष्टी एकमेकींच्या पुराव्याला उभ्या केल्या तर दोघींवरही अन्याय होतो.

तर मग कोणी काय निवडावं

तुम्हाला स्ट्रिंग थिअरी किंवा इन्फ्लेशनमध्ये पुढं काम करायचं असेल, तर बहुविश्व गंभीरपणे घ्या. ते टाळून त्या क्षेत्रात पुढं जाता येणार नाही, आणि मोजणीचा पेच सुटला तर तो तिथंच सुटेल. प्रयोगाची वाट अगदीच बंद आहे असंही नाही. दुसरा बुडबुडा कधी आपल्या बुडबुड्याला घासला असेल तर पार्श्वप्रारणात गोल खूण उमटलेली असावी, असा हिशेब आहे. २०११ मध्ये हिरण्या पेइरिस आणि सहकाऱ्यांनी डब्ल्यूमॅप उपग्रहाच्या माहितीत अशा खुणा शोधल्या. ठोस काही सापडलं नाही. पण शोधण्याची पद्धत त्यांनी आधी ठरवली आणि मग आकाशाकडं पाहिलं. असं काम मला कुठल्याही बाजूनं चालेल. असं एखादं वर्तुळ उद्या खरोखर सापडलं तर ते आमच्या विवरातल्या मॅस्केलिनाइटसारखं असेल, आणि मी माझं मत त्याच दिवशी बदलेन. कोणी मोजायची रीत आधी जाहीर करून, तीवरून अजून न मोजलेला एखादा आकडा सांगितला आणि तो बरोबर निघाला, तरीही बदलेन.

तुम्हाला फक्त स्वतःपुरतं ठरवायचं असेल, तर माझा कल एकाच विश्वाकडं आहे, 'माहीत नाही' हे उत्तर सोबत घेऊन. वैश्विक स्थिरांकाचं कोडं त्यात सुटत नाही, पण ते कोडं कोडं म्हणून समोर तरी राहतं. मार्च २०२५ मध्ये दीर्घिकांचा नकाशा काढणाऱ्या डेझी प्रकल्पाच्या मोजणीतून, डार्क एनर्जी, म्हणजे आपण स्थिरांक समजत होतो ती प्रसरण वाढवणारी ऊर्जा, काळानुसार बदलत असावी असे संकेत आले आहेत. शिक्कामोर्तब व्हायचं आहे. जे 'असंच असतं' म्हणून सोडून देता आलं असतं, ते कोणीतरी पुन्हा मोजायला घेतलं, याचा मला आनंद आहे.

भाचीला मी यातलं काही बंधनकारक म्हणून सांगितलेलं नाही. तिनं सेमिनारला एव्हरेट घेतला आहे, आणि त्याच्या बाजूनं बोलणार आहे. "मामा, तुमची दोरी मले पटली, पण ७०-३० चं मी पायतो," असं म्हणाली. शनिवारी ती गावी येते, तेव्हा वॉलेसचा युक्तिवाद ओळीनं वाचायला बसायचं ठरलं आहे. तोवर हरभऱ्याचं शेवटचं पाणी उरकायला हवं, या आठवड्यात वीज पुन्हा रात्रीची आहे.